खान्देशातील परसदारची झाडे: काळ्या मातीत लागवड आणि वर्षभराची निगा

खान्देशात परसदारी लावलेले झाड वाळले की दोष उन्हाला दिला जातो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा हा दोष पटतोही. परंतु अमळनेरच्या माझ्या परसात पंधरा वर्षांत जी सात-आठ झाडे गेली, त्यांपैकी उन्हाने गेलेली दोनच होती. बाकीच्यांची मुळे पावसाळ्यात पाणी साचून कुजली. झाडे वाळली मात्र पुढच्या उन्हाळ्यात, म्हणून खरे कारण मला फार उशिरा कळले. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातील हवेच्या पोकळ्या बंद होतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही तर बारीक तंतुमुळे आधी मरतात आणि अशा झाडाला वैशाखात बादल्यांनी पाणी घातले तरी ते ओढून घेणारे मुळाशी काही उरलेले नसते. पहिल्यांदाच झाड लावणाऱ्यांसाठी पुढे जे जे सांगितले आहे, त्याचा रोख एवढाच आहे की मुळाशी ओल राहावी, पण पाणी उभे राहू नये.

झाड आणण्यापूर्वी

रोपवाटिकेत जाण्याआधी जागेची परीक्षा घ्यावी. जिथे झाड लावायचे तिथे दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा करून तो पाण्याने काठोकाठ भरावा. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, त्यामुळे हे पहिले पाणी बघता बघता नाहीसे होते. त्यावरून निचरा चांगला आहे असे मानू नये. भेगा मिटेपर्यंत थांबून दुसऱ्या दिवशी खड्डा पुन्हा भरावा आणि हे दुसरे पाणी किती वेळात मुरते ते पाहावे. चार-पाच तासांत मुरले तर जागा उत्तम समजावी. रात्रभर थांबूनही सकाळी तळाशी पाणी दिसत असेल, तर त्या जागी सपाटीवर कोणतेही फळझाड लावू नये. उंचवटा करूनच लावावे. त्याची रीत पुढे दिली आहे.

दुसरी परीक्षा चुनखडीची. वाळलेल्या मातीचे ढेकूळ बशीत घेऊन त्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. बारीक फेस येऊन फसफस ऐकू आली, तर मातीत चुनखडी पुष्कळ आहे. अशा जमिनीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. लिंबू आणि पेरूची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तसे दिसल्यास हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारावी. आपल्याकडे चुलीची राख झाडाच्या बुंध्याशी टाकण्याची सवय घरोघरी आहे. खान्देशातील बहुतेक काळी माती मुळातच विम्लतेकडे, म्हणजे अल्कधर्मी गुणाकडे, झुकलेली असते आणि राखेने ती आणखी झुकते, म्हणून ही सवय मोडावी, असे मी आग्रहाने सांगेन.

आता झाडांची निवड. पहिले झाड म्हणून जवळजवळ प्रत्येक जण कागदी लिंबू आणतो आणि काळ्या मातीत सर्वांत नाजूक झाड नेमके तेच आहे. माझ्या मते पहिल्या वर्षी सीताफळ किंवा बोर लावावे. जळगावची मेहरूणची बोरे प्रसिद्ध आहेत, त्यामागे मातीइतकाच बोराचा स्वभावही आहे: त्याचे सोटमूळ खोल जाते आणि ऐन उन्हाळ्यात झाड पाने गाळून विश्रांती घेते. या दोन झाडांवर पाण्याचा आणि छाटणीचा हात बसला की दुसऱ्या वर्षी पेरू आणि लिंबू आणावेत. शेवगा कुंपणाच्या कडेला, केळी मोरीच्या पाण्यावर. आंब्याला लांबी-रुंदीला पंचवीस-पंचवीस फूट जागा देता येत नसेल तर त्याचा मोह धरू नये.

कागदी लिंबाचे बियांपासून केलेले रोप बहुधा आईसारखेच निघते, म्हणून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘साई शरबती’ किंवा ‘फुले शरबती’ या वाणांची रोपे बियांची असली तरी चालतात. आंब्याचे आणि पेरूचे मात्र कलमच घ्यावे. पेरूत ‘सरदार’, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेला लखनौ-४९, घरासाठी भरवशाचा आहे.

आखाजी ते मृग: खड्डा आणि लागवड

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की खड्डे घ्यावेत. लिंबू, पेरू, सीताफळ यांसाठी दोन फूट लांब, रुंद आणि तितकाच खोल खड्डा पुरतो. आंब्याला तीन फूट लागतात. वरच्या वीतभर थराची माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला टाकावी. खड्डा दोन-तीन आठवडे उन्हात तापू द्यावा, म्हणजे मुळे खाणारी हुमणी अळी आणि बुरशी बऱ्याच प्रमाणात मरतात. भरताना वरची माती, दोन घमेली पूर्ण कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड एकत्र करावी.

येथे एक चूक सर्रास होते. भारी काळ्या जमिनीतला खड्डा केवळ खत आणि पोयट्याने भरला, तर त्या भुसभुशीत जागेत चोहोबाजूंचे पाणी उतरते आणि बाहेर पडायला वाट नसल्याने खड्ड्याचा हौद होतो. म्हणून खड्ड्यातून निघालेली मातीच निम्म्याहून अधिक प्रमाणात परत भरावी आणि जमिनीच्या वर वीतभर उंच, चार फूट रुंद असा पसरट उंचवटा करावा. झाड या उंचवट्याच्या माथ्यावर बसले पाहिजे. भरलेली माती पावसाने खचते, हे लक्षात घेऊन उंचवटा सुरुवातीला थोडा जास्तच ठेवावा.

मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणून लगेच लागवड करू नये. दोन-तीन दमदार पाऊस होऊन माती हातभर खोल ओली झाल्यावर, ढगाळ दिवशी संध्याकाळी रोप लावावे. पिशवी ब्लेडने उभी चिरून पूर्ण काढावी आणि तळाशी गोल गुंडाळलेली मुळे छाटून टाकावीत, नाहीतर ती जमिनीतही गोलच फिरत राहतात. कलमाचा जोड जमिनीपासून चार बोटे तरी वर राहिला पाहिजे. जोडावर बांधलेली प्लॅस्टिकची पट्टी पाहून, ती जुनी व घट्ट असेल तर कापून काढावी. ती राहिली तर खोड तिथे आवळले जाते आणि वाऱ्यात नेमके तिथेच मोडते.

जोडाच्या खालून येणारे फुटवे दर पंधरवड्याला काढणे हे पहिल्या दोन वर्षांतले अत्यंत महत्त्वाचे काम आहे. माझ्याकडे केशर आंब्याचे कलम होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला जोमदार फांदी फुटली, म्हणून मला आनंद झाला आणि मी तिला आधाराची काठीही बांधली. ती फांदी जोडाखालून, म्हणजे केशरची काडी ज्यावर जोडली होती त्या गावरान खुंटातून आलेली होती. तिने सगळे अन्न ओढले, केशरची काडी खुरटून वाळली आणि सहा वर्षे सांभाळल्यावर झाडाला आंबट, रेषाळ फळे आली. काडी कुठून फुटली आहे, ते वाकून बोटाने चाचपून पाहिले असते तर ही सहा वर्षे वाचली असती.

पावसाळा

जळगाव-धुळ्याच्या मैदानी भागात वर्षाला साधारण ६०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सलग झडीने आला की चार दिवसांत परस चिखल होऊन जातो. पावसाळ्यात आळ्याचा बांध उताराच्या बाजूने फोडून ठेवावा आणि झाडापासून दूर जाणारी वीतभर खोल चर काढावी.

लिंबाच्या खोडाला पाणी लागून राहिले की डिंक्या होतो. मातीत राहणारी बुरशी खोडाच्या तळाशी शिरते, साल ओलसर व तपकिरी होते आणि तिच्यातून मधाच्या रंगाचा डिंक ओघळतो. माझे पहिले लिंबू मी मोरीच्या तोंडाशी लावले होते, पाणी वाया जाऊ नये या भावनेने. चौथ्या वर्षी ते फळांनी लदलेले असतानाच पाने पिवळी पडू लागली. अन्न कमी पडले असे समजून मी आणखी खत आणि आणखी पाणी दिले. माती बाजूला करून पाहिले तेव्हा खोडाची साल तळाशी पूर्ण फिरून कुजली होती. तेव्हापासून लिंबाला मी दुहेरी आळे करतो: खोडाभोवती दीड फूट त्रिज्येचा मातीचा उंच गोल, ज्यात पाणी कधीच जात नाही, आणि त्याच्या बाहेर पाण्याचे आळे.

डिंक्यावरचा जुना व खात्रीचा उपाय म्हणजे बोर्डो पेस्ट. ती वर्षातून दोनदा, पावसाच्या तोंडाशी आणि पावसाळा संपताना, जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत खोडाला लावावी. घरापुरते प्रमाण असे आहे: मोरचूद (कॉपर सल्फेट) १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर. मोरचूद रात्री अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात भिजत घालावे. लोखंडी वा पितळी भांडे वापरू नये. चुना दुसऱ्या भांड्यात उरलेल्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून, गार करून गाळून घ्यावा. सकाळी दोन्ही द्रावणे एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत लाकडी काठीने ढवळावे. आकाशी रंगाची दाट लापशी तयार होते. आता घासून चकचकीत केलेले जुने लोखंडी पाते तिच्यात अर्धा मिनिट बुडवून काढावे. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि ते कोवळ्या सालीला पोळेल, असे समजून थोडी चुन्याची निवळी घालावी आणि पाते पुन्हा घासून पाहावे. पाते जसेच्या तसे निघाले म्हणजे पेस्ट तयार झाली. ती त्याच दिवशी वापरावी. डिंक आलेला असेल तेथे कुजलेली साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडून, पुसून मग पेस्ट लावावी. हातमोजे घालावेत, मुलांना दूर ठेवावे आणि ते पाते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये.

याच दिवसांत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवल्यास वर्षभराची सोय होते. ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर पाण्यात भिजवून गाळाव्यात, पाणी घालून एक लिटर करावे आणि चिमूटभर धुण्याचा सोडा नव्हे तर साबणाचा चुरा मिसळावा, म्हणजे अर्क पानाला धरून राहतो. लिंबाच्या नव्या पालवीवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी काळपट-पांढरी अळी आढळते. ती लिंबावरच्या फुलपाखराची असते आणि मोठी झाली की हिरवी होऊन पानात बेमालूम मिसळते. एका झाडावर अशा पाच-दहाच असतात, त्या हाताने वेचणे फवारणीपेक्षा सोपे पडते.

पावसाळ्यातील एक प्रयोग: सीताफळाचे हाताने परागीकरण

सीताफळाला फुले शेकडो येतात आणि फळे मोजकी धरतात, याचे कारण फुलाच्या वेळापत्रकात आहे. त्याच फुलातील स्त्रीकेसर आधी तयार होतात आणि पराग नंतर सुटतात. दोघांची भेट त्या फुलात सहसा होत नाही. एप्रिल-मेची फुले कोरड्या, तापलेल्या हवेत गळून जातात. जून-जुलैमध्ये हवेत ओलावा येतो, तोच प्रयोगाचा काळ.

सकाळी सात-आठच्या आत झाडाजवळ जावे. ज्या फुलाच्या तिन्ही जाड पाकळ्या पूर्ण फाकल्या आहेत, ते नर अवस्थेत असते. त्याच्याखाली झाकणाची कोरडी डबी धरून फुलाला हलकी टिचकी मारली, तर फिकट तपकिरी पुंकेसर आणि पराग तांदळाच्या कण्यांसारखे डबीत पडतात. दहा-बारा फुलांचे पराग पुरे होतात. आता ज्या फुलाच्या पाकळ्या फक्त टोकाशी उकलल्या आहेत ते शोधावे. पाकळी बोटाने किंचित दूर केली की आत चमकदार, चिकट असा लहान शंकू दिसतो. परागात बुडवलेला मऊ, बारीक कुंचला या शंकूभोवती दोन-तीनदा गोल फिरवावा. सगळ्या बाजूंनी फिरवणे महत्त्वाचे आहे, कारण सीताफळाचा प्रत्येक डोळा हा स्वतंत्र परागीकरणातून भरतो. एकाच बाजूला पराग लागला तर फळ वाकडे होते.

ज्या फुलांवर कुंचला फिरवला त्यांच्या देठाला रंगीत धागा सैल बांधावा आणि तितकीच फुले तुलनेसाठी तशीच सोडावीत. मी केले त्या वर्षी धाग्याच्या फुलांपैकी निम्म्याहून अधिक धरली आणि मोकळ्यांतील दोन-तीनच टिकली. नव्या माणसाने प्रयोगाची ही शिस्त पहिल्यापासून लावून घ्यावी: एका वेळी एकच बदल, बाजूला तुलनेसाठी न बदललेले काही, आणि तारखेसह वहीत नोंद.

गुटी कलमही पावसाळ्यातच करावे. डाळिंबाच्या किंवा लिंबाच्या पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवर इंचभर रुंदीची साल गोल काढून, तिथे ओले शेवाळ प्लॅस्टिकने घट्ट बांधावे. दीड-दोन महिन्यांत, पोळ्याच्या पुढेमागे, प्लॅस्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात; ती तपकिरी होऊ लागल्यावर फांदी खालून कापावी.

दसऱ्यापासून होळीपर्यंत

पाऊस थांबला की आळ्याचे बांध पुन्हा बांधावेत आणि बोर्डो पेस्टचा दुसरा हात द्यावा. आंब्याचे पाणी कार्तिकापासून तोडावे. मोहोर येऊन फळे ज्वारीच्या दाण्याएवढी झाल्यावरच ते पुन्हा सुरू करावे. या काळात दयेने दिलेल्या पाण्याने मोहोराऐवजी पालवी येते.

केळीला थंडी बाधते. पारा १० अंशांखाली गेला की तिची वाढ थांबते आणि पाने पिवळसर पडतात, त्यामुळे पौषात पाणी संध्याकाळी द्यावे आणि बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन करावे. एका केळीशेजारी एकच मुनवा, म्हणजे बुंध्यातून फुटलेले पिल्लू, राखून बाकीचे जमिनीलगत कापत राहावे. सीताफळाची छाटणी पाने गळाल्यावर फेब्रुवारीत करावी: वाळलेल्या, आत वळलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या काढाव्यात, कात्री प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावी आणि जाड कापावर पेस्ट लावावी.

उन्हाळा

फाल्गुनात सीताफळ आणि त्यानंतर बोर निष्पर्ण होतात आणि नवा माणूस घाबरतो. काडीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे आणि त्याला झोपू द्यावे. बोराची कडक छाटणी एप्रिल-मेमध्ये याच झोपेत करायची असते, कारण फळे नव्या फुटीवर येतात. शेवग्याच्या शेंगा संपल्या की तोही तीन-चार फुटांवर छाटावा. उंच वाढलेल्या शेवग्याची ठिसूळ फांदी वळवाच्या वाऱ्यात हमखास मोडते.

जागी असलेल्या झाडांना पाणी कधी द्यायचे, हे वरची माती पाहून ठरवू नये. वीतभर वरची माती कोरडी असतानाही खाली ओल असते. त्यासाठी पेन्सिलीएवढी जाड, दीड-दोन फूट लांबीची गुळगुळीत सळई जवळ ठेवावी. ओल्या मातीत ती दाबताच सरकते, कोरडी माती लागली की अडते. सळई हातभर खोल जात असेल तर पाणी नको. चार बोटांवर अडली तर त्याच संध्याकाळी द्यावे. माझ्या चार वर्षांच्या लिंबाला चैत्र-वैशाखात आठवड्यातून दोनदा पाच-पाच बादल्या लागतात. पाणी खोडाशी ओतू नये. भर दुपारी झाडाची सावली जिथे संपते त्या रेषेवर काठीने वर्तुळ आखावे. पाणी पिणारी मुळे त्याच्या आसपास असतात, आळे तिथे हवे.

आच्छादनाला आपल्याकडे काही विकत आणावे लागत नाही. कपाशीच्या पऱ्हाट्यांचे तुकडे, तुरीचा भुसा, केळीची वाळलेली पाने, जे मिळेल त्याचा वीतभर थर द्यावा, मात्र खोडापासून वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. पेरूच्या दोन झाडांपैकी एकाला आच्छादन करून दुसरे उघडे ठेवल्यावर मला सळईने फरक कळला: उघड्या झाडाखाली ती तिसऱ्या दिवशी अडली, आच्छादनाखाली सहाव्या दिवशीही सरळ जात होती. लहान रोपाशेजारी कच्च्या मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून, भरून, झाकून ठेवले तर ते हळूहळू पाझरत राहते. लग्नसराईत चार-आठ दिवस घर बंद राहणार असेल तेव्हा याच्याइतके उपयोगी काही नाही. पश्चिमेकडून ऊन खाणाऱ्या खोडांना चुन्याचा पांढरा हात द्यावा, म्हणजे साल तडकत नाही.

एका झाडाचे पाणी मात्र उन्हाळ्यात जाणूनबुजून तोडावे, ते म्हणजे चार वर्षांवरच्या पेरूचे. पेरूला फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या फुलांची फळे पावसाळ्यात पिकतात. ती पाणचट असतात आणि फळमाशीच्या अळ्यांनी भरतात. ती फुले हाताने खुडून टाकावीत, आखाजीनंतर पाणी बंद करावे आणि पाने मलूल होऊन काही गळली तरी मन घट्ट ठेवावे. आमच्यासारख्या खोल काळ्या मातीत हा ताण बसायला महिना-दीड महिना लागतो. मृगात नवी फूट येते, तिच्यावर फुले लागतात आणि त्यांची गोड, घट्ट गराची फळे मार्गशीर्षापासून हाती येतात. ती लिंबाएवढी असतानाच प्रत्येक फळाला कागदी पिशवी बांधली तर माशी शिवत नाही. मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला की ताण आपोआप तुटतो. त्याच आठवड्यात पेरूखाली हलकी खोदणी करून दोन घमेली शेणखत मिसळावे, सगळ्या झाडांचे आच्छादन खोडापासून आणखी मागे ओढावे आणि आळ्यांचे बांध उताराच्या बाजूने पुन्हा फोडून ठेवावेत.